अक्कांची चौथी टेप

१

"दीदी, चौथा टेप गायब है."

दुबेजींनी दारातच, पायातले बूट न काढता हे सांगितलं. माझ्या हातातला चहाचा पेला कलंडला आणि मी पहिल्यांदा त्यांच्या बुटांवरच ओरडले. माझा स्वभाव असा आहे. घाबरले की मी आधी चिडते.

फेब्रुवारी १९८६ मधला तो मंगळवार. मी सरला बोकील. देवासच्या शाळेत तेहेतीस वर्षं मास्तरकी केली. आमचे वडील संस्थानच्या धाकट्या पातीच्या दरबारात दप्तरदार होते, म्हणून घरात मराठी कडक. पहिली नऊ वर्षं मी मराठीच शिकवलं. मग मुलं मिळेनात म्हणून मराठीचा वर्ग बंद झाला आणि उरलेली चोवीस वर्षं हिंदी शिकवलं. नोकरी सुटली, पण लाल शाईचं पेन सुटलं नाही. वाण्याच्या चिठ्ठीतसुद्धा मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारते.

आणि अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण जयवंती. गाणारी. पन्नास वर्षं गायली, पण टेपवर एक सूर दिला नाही. "समोर माणूस हवं. डबीला काय गाऊन दाखवू?" असं म्हणायची. दिवाळीत तिच्या गळ्यात गाठ निघाली. इंदूरचे डॉक्टर स्पष्ट म्हणाले, ऑपरेशनने जीव वाचेल, आवाज जाईल.

धारचे भैयासाहेब दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. ते व्हायोलिन वाजवतात. टीव्हीवर त्यांची 'संगत' नावाची मालिका होती. एकेका कलावंताच्या घरी जायचं, गप्पा मारायच्या आणि शेवटी त्याच्याबरोबर वाजवायचं. डॉक्टरांकडून परत येताना अक्का गाडीतच म्हणाली, "भैयासाहेबांना कळव. या म्हणावं."

जानेवारीतल्या एका रविवारी चित्रीकरण झालं. लगेच बुधवारी ऑपरेशन झालं. तेव्हापासून अक्का पाटीवर लिहून बोलते.

"तीन टेपमध्ये गप्पा आहेत," दुबेजी म्हणजे मालिकेचे व्यवस्थापक, कॅमेराही तेच सांभाळत, हिंदीतून सांगत होते. "चौथ्यात सगळं गाणं. मध्ये भैयासाहेबांना मलेरिया झाला, तीन आठवडे काम बंद. पेटारे धारला त्यांच्याकडे कुलपात. काल उघडून पाहिलं तर तीनच. शुक्रवारी सगळं दिल्लीला गेलं नाही तर अक्काजींचा भाग रद्द."

अक्का आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पाटीवर तिनं एकच शब्द लिहिला: 'शोध.'

२

आता हरवणं आमच्या घरात कसं शक्य आहे, ते मला कळेना. मला पसारा खपत नाही. त्या रविवारी वरच्या हॉलमध्ये दिवे, तारा, सतरंज्या, तक्के, समया, अर्धं घर खालून वर नेलेलं. चित्रीकरण संपून मंडळी जेवायला बसली तशी मी डिंकाची बाटली घेऊन वर गेले. जे तिथंच राहायचं त्याच्यावर 'वर', जे तळमजल्यावर न्यायचं त्याच्यावर 'खाली', अशा चाळीस चिठ्ठ्या डकवल्या. तक्क्यांवर, समयांवर, तानपुऱ्याच्या कापडी गवसणीवर. मी जिना चढताना अक्का खालून हसून म्हणाली होती, "सरले, मलाही एक डकव." ज्या घरात उशीलासुद्धा चिठ्ठी असते, त्या घरातून टेप जाते म्हणजे कोणीतरी नेलीच असणार!

आणि माझा संशय सरळ खंडोजीवर गेला.

खंडोजी तीस वर्षं अक्काचा तबलजी. त्या दिवशी तो फुरंगटलेला होता. दुबेजी त्याला म्हणाले होते, "आपके सिर्फ़ हाथ दिखेंगे." आणि चित्रीकरणच नको, असं त्यानं आधीपासून धरलं होतं. शिवाय सगळ्यात शेवटी तोच जिना उतरला, खांद्यावर ती भलीमोठी तबल्याची पिशवी. त्यात पुस्तकाएवढी टेप सहज मावली असती.

दुबेजींना बसवून मी त्याला बोलावणं पाठवलं. तो आला, नेहमीसारखा पाय धुऊन बसला.

"खंडोजी, टेप कुठाय?"

"कोणती टेप, ताई?"

"वेड पांघरू नकोस. अक्काचं गाणं लोकांच्या घरात जाऊ नये असं तुलाच वाटत होतं ना?"

"वाटत होतं. आता पण वाटतं." त्याचा चेहरा उतरला. "अक्कांचं गाणं समोर बसून ऐकायची चीज आहे. पण त्यांनी हो म्हटलं, मग मी तबला लावला की नाही? जीव ओतून वाजवलं की नाही?"

"पिशवी दाखव."

माझ्या तोंडून गेलं खरं. दुबेजी खाली मान घालून बसले. खंडोजीनं पिशवी माझ्यापुढे पालथी केली. तबला पुसायचं फडकं, पावडरीचा डबा, हातोडी. एवढंच. पण ते तर आजचं होतं, त्या दिवशीचं नव्हे, असं मी म्हणालेही. माझ्या जिभेला हाड नाही.

"तीस साल झाले ताई या घरात," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा कोणी माझी पिशवी बघितली." हातोडी त्यानं तशीच जमिनीवर ठेवली. "मी लोहारद्याला जातो, मुलीकडे. तपास लागला तर बोलवा. नाही लागला तर नका बोलवू."

तो गेला. अक्कानं पाटी माझ्या तोंडासमोर धरली. खडू दाबून लिहिलं होतं: 'तो नाही. तू माझं गाणं शोध, चोर शोधू नकोस.' मग भिंतीकडे तोंड करून ती निजली.

त्या क्षणी मी ठरवलं. शुक्रवारच्या आत टेप या घरात आणायची, नाहीतर खंडोजीच्या पाया पडायलाही मी लायक नाही.

३

बुधवारी पहाटेची बस धरून, इंदूरला बदलून मी साडेनऊला धारला पोचले. दुबेजी आदल्या संध्याकाळीच परतले होते. भैयासाहेब अंगणात शाल पांघरून ऊन खात बसले होते. तापानं निम्मे झाले होते.

माझा दुसरा संशय यांच्यावर होता आणि तो मी लपवला नाही.

"भैयासाहेब, तुम्ही त्या दिवशी वाजवताना चुकलात. खालच्या जिन्यावर बसून ऐकलं मी. अक्का गाता गाताच हसली होती."

"चुकलो ना." ते मोकळेपणी हसले. "सम चुकलो. चांगला चाळीस वर्षं वाजवणारा मी, तीनतालात हरवलो! अक्कांनी गाणं थांबवलं नाही. नुसता हात असा उलटा करून खाली दाखवली, की बाबा, इथं आहोत आपण. आणि मी परत लागलो."

तालात टाळी वाजवून मात्रा मोजतात, पण एके ठिकाणी टाळी देत नाहीत, हात नुसता हवेत उलटा करतात. त्याला खाली म्हणतात. एवढं तर मलाही ठाऊक होतं.

"मग ती चूक सगळ्या देशानं बघावी असं वाटतं तुम्हाला?"

"ताई, माझ्या शिष्यांनी तेच तर बघायला हवं. चुकलेल्याला गाणं न थांबवता कसं सांभाळतात ते. मी दुबेजींना बजावलं होतं, हे कापायचं नाही. ती टेप गेली तर माझी ही मालिकाच फुकट गेली असं समजा."

माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारी मुलं मी तेहेतीस वर्षं पाहिली आहेत.

"चौथी टेप शेवटी कुठं पाहिलीत?"

"दुबेजींनी सुरुवातीपर्यंत मागे फिरवून मशीनमधून काढली आणि तानपुऱ्याच्या गवसणीवर ठेवली. अक्कांना धरून खाली नेलं त्यांनी. टेपा सांभाळणारा अशोक वर नव्हताच, वीज गेली म्हणून अंगणात जनरेटरपाशी होता. मग आम्ही सगळे जेवायला बसलो."

"आणि जेवताना वर कोण गेलं?"

भैयासाहेबांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं.

"ताई, तुम्हीच."

४

"मी आवरायला गेले होते!" मी फणकारले. "टेप घेऊन मी काय तिचं लोणचं घालणार?"

पण मनात कुठेतरी कुसळ टोचलं.

अशोक ओसरीवर पेटाऱ्यांची यादी करत बसला होता. टेपांचं सगळं काम त्याच्याकडे. तिशीचा, देवासचाच. वडील साताऱ्याकडून कारखान्यात नोकरीला आलेले. माझ्याच वर्गात होता. मला पाहून तो ताडकन उठला, जसा शाळेत उठायचा.

"ताई, मेरी तो नौकरी जाएगी," तो रडवेला झाला होता. "आईशप्पथ, मी चोरी नाही केली."

"चोरी केलीस असं कोण म्हणालं? नीट सांग. त्या दिवशी वर गेल्यावर तू काय उचललंस?"

"मशीनच्या बाजूला तीन टेप होते. त्यांच्यावर मी नंबर टाकले. एक, दो, तीन. मला वाटलं गाणं तिसऱ्यातच आलं. दुबेजींनी चौथी टेप लावली हे मला काय मालूम? मी तर नीचे होतो. बाकी सगळे खाली टेप होते, ते दुसऱ्या पेटीत ठेवले."

"खाली? म्हणजे तळमजल्यावर?"

"नाही ताई, खाली. म्हणजे..." तो शब्द शोधायला लागला. "म्हणजे ज्यांच्यात काही नाही ते. एम्टी."

"कोऱ्या."

"हां, कोऱ्या. आज सकाळी दुबेजी त्यातले तीन घेऊन धरमपुरीला गेले. नर्मदेत नावेवर शहनाईवाल्याची शूटिंग आहे ना. बस तेवढेच कोरे उरले होते आमचे."

मी पदर खोचला. "अशोक, नवी कोरी टेप कशी ओळखतोस तू?"

"प्लास्टिक असतं वरून."

"आणि त्या सगळ्यांना प्लास्टिक होतं?"

"एकाचं फाडलेलं होतं. पण त्याच्यावर तर लिहिलंच होतं ना, म्हणून मी बेफिकर."

"काय लिहिलं होतं?"

"'खाली'," अशोक म्हणाला. "लाल स्याहीनं. एकदम सुंदर अक्षर होतं, ताई. गोंदानं चिकटवलेली चिट्ठी."

ओसरीवर मी मटकन बसले. भैयासाहेब उठून जवळ आले, "काय झालं, ताई?" म्हणून विचारू लागले.

लाल शाई. डिंक. सुंदर अक्षर. गवसणीवर मी चिठ्ठी डकवली होती, पण बघून नाही. हात चालवत होते नुसती. गवसणीवर जे काळं, सपाट, पुस्तकासारखं पडलं होतं, तेही गवसणीबरोबर तळमजल्यावर जाऊ दे, म्हणून त्याच्यावर 'खाली' चिकटवून मोकळी झाले होते.

"गाढवा, तू मराठी ना रे!" मी ओरडले. "खाली म्हणजे तळमजल्यावर, एवढं तुला कळू नये?"

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "मराठी घरी बोलतो फक्त. लिहिलेलं तर मी हिंदीच वाचतो. आणि आपणच शिकवलं होतं ना, पर्यायवाची शब्द. रिक्त, शून्य, खाली. मला दहापैकी दहा दिले होते."

दिले होते. लाल शाईनं.

"गाडी काढा, भैयासाहेब," मी म्हणाले. "आधी गाडी काढा. मला शिव्या वाटेत द्या."

५

भैयासाहेबांची जुनी फियाट, चालवायला अशोक. घाटात मोटारी अडकल्या होत्या, तिथं मी खाली उतरून एका ट्रकवाल्याशी भांडले आणि वाट करून घेतली. धामनोदला अशोकनं एक कच्चा रस्ता धरला. मी मागे बसून घड्याळ बघत होते आणि स्वतःलाच बोल लावत होते. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि जन्माची एकच चूक केली ती एका शब्दाची, ती पण अशी!

धरमपुरीच्या घाटावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. घाटाच्या पायऱ्यांवर गर्दी. नाव नदीच्या मध्यावर. शहनाई ऐकू येत होती, म्हणजे काम सुरू झालं होतं.

"दुबेजी!" मी हाक मारली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा माझा आवाज. दुबेजींनी हात हलवून गप्प राहायची खूण केली, चित्रीकरणात आवाज येतो ना!

मग मी दुसऱ्या नावेत चढले. नावाडी पैलतीराची सवारी भरायला थांबला होता. त्याला म्हटलं, "दादा, माझ्या बहिणीचा जीव त्या नावेत आहे, चला." तो काही न विचारता वल्ही मारू लागला. भैयासाहेब आणि अशोक काठावरच राहिले. जवळ पोचताच मी उभी राहिले, नाव डगमगली, पदर पाण्यात भिजला.

"बंद करा! मशीन बंद करा! तो अक्काचा आवाज आहे!"

शहनाईवाले वाजवायचे थांबले. दुबेजींनी कपाळाला आठ्या घालून बटण दाबलं आणि मशीनमधून टेप बाहेर काढली. तिच्यावर लाल अक्षरात माझंच हस्ताक्षर: 'खाली'.

"कितना चला?" मी विचारलं.

"साढ़े चार मिनट," ते म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते नावेच्या फळीवर बसले आणि डोक्याला हात लावला.

साडेचार मिनिटं. अक्काच्या आलापाची सुरुवात, जी आता या जगात कुठंही नव्हती. पण त्यापुढची चाळीस मिनिटं शाबूत होती. मी ती टेप ओल्या पदरात गुंडाळली आणि काठ येईपर्यंत कोणाच्या हाती दिली नाही.

६

त्या रात्री मी अक्काला सगळं सांगितलं. कुठला भाग गेला, कशानं गेला, कोणाच्या हातानं गेला. काही गाळलं नाही. तिनं पाटी मांडीवर ओढली. लिहिलं: 'खंडोजी.'

गुरुवारी मी लोहारद्याला गेले. बाजाराचा दिवस होता. खंडोजी मुलीच्या दारात बाज विणत बसला होता. मी सगळ्यांच्या देखत त्याला म्हटलं, "खंडोजी, चोर मी निघाले. तुझी पिशवी बघितली, माझी चिठ्ठी बघितली नाही. मला माफ कर."

त्याला सगळी हकीकत ऐकवली. त्याला हसू फुटलं, आणि ते थांबेचना.

"अहो ताई, तुम्हाला वाटली ती पण खाली नाही, आणि अशोक भैयाला वाटली ती पण नाही. आमची खाली विसरलात तुम्ही. खालीवर आवाज नसतो, ताई. पण खाली गेली तर ताल गेला." डोळे पुसून त्यानं विचारलं, "हातोडी जपून ठेवली का माझी?"

"ठेवली आहे. चिठ्ठी न लावता."

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी 'संगत'चा तो भाग लागला. समोरच्यांनी त्यांचा टीव्ही उचलून आमच्या ओसरीवर आणला. अशोक आला, भैयासाहेब धारहून आले, खंडोजी अक्काच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. गप्पा झाल्या. कॅमेऱ्यामागून दुबेजी अक्काला विचारतात, "आपकी शिक्षा कहाँ हुई?" आणि अक्का दचकून, "शिक्षा? मी काय गुन्हा केला?" असं म्हणते, ते ऐकून सगळे हसले. अक्काच्या तोंडून आवाज येतोय हेच पाहून मला आधी भरून आलं.

मग पडद्यावर नर्मदा दिसली. क्षणभर पाणी, नाव, शहनाईचा एक सूर. दुबेजींनी ते कापलं नव्हतं. आणि त्या पाण्यातून एकदम अक्काचा आवाज, मधूनच सुरू झालेला.

भैयासाहेब चुकले ती जागा आली. पडद्यावरच्या अक्कानं गाता गाता हात उलटा केला. इकडे खुर्चीतली अक्का मांडीवर टाळी देत होती, ओठ मिटलेले. नवव्या मात्रेला, खालीच्या जागी, तिनं टाळी दिली नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि तळवा माझ्या दिशेनं उलटा केला.

खंडोजी खो खो हसला. मी तोंडात पदर कोंबून रडत होते. तिचा हात पुन्हा मांडीवर टेकला आणि गाणं पुढे सुरू राहिलं.